गरम झाली की बंद, गार झाली की चालू: जुनी उघडी जीप, नवं इंजिन आणि मराठवाड्याचा उन्हाळा

लक्षण असं असतं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. तासभर सुरळीत पळते, पिकअपही झकास. मग दुपारी टपरीवर चहाला दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत सेल्फ मारायचा. इंजिन पकडतं, दोन-तीन सेकंद थरथरतं आणि बसतं. त्यानंतर कितीही सेल्फ मारा, फक्त बॅटरी उतरते. टेम्परेचरचा काटा जागच्या जागी, बॉनेटखाली धूर नाही, वास नाही. अर्ध्या तासाने कुणीतरी सहज चावी फिरवतं आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. दुसरा प्रकार चालत्या गाडीतला: मांजरसुंब्याच्या घाटात एखाद्या ट्रकमागे हळूहळू चढताना, किंवा चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत येरमाळ्याजवळ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना आधी मिसिंग, मग झटके, मग शांतता.

हे लिखाण ज्यांच्याकडे कापडी हूडची जुनी जीप किंवा तशीच एखादी जुनी उघडी गाडी आहे आणि तिच्यात पेट्रोलचं इंजेक्शनवालं इंजिन बसवलेलं आहे, त्यांच्यासाठी आहे. माझी गाडी सीजे-३बी घराण्यातली आहे. विलीजने १९५३ साली आणलेलं हे मॉडेल पुढे महिंद्राने आपल्याकडे कित्येक वर्षं बनवलं; आतलं २१९९ सीसीचं हरिकेन इंजिन उंच होतं म्हणून हिचं बॉनेट उंच. आता त्या बॉनेटखाली मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं) इंजिन आहे. जिप्सीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं ओढतं, म्हणून जुन्या जीपला हे इंजिन बरं जमतं. तुमचं इंजिन दुसरं असलं तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. डिझेलवाल्यांनी मात्र इथेच थांबावं, त्यांची दुखणी निराळी.

ही तक्रार परत परत का येते, याचं एक कारण पंचांगात आहे. गाडी मे महिन्यात बंद पडते, मिस्त्रीकडे जाते जूनमध्ये, तो काहीतरी बदलतो आणि पाऊस पडतो. गाडी दिवाळीपर्यंत छान चालते, संक्रांतीलाही चालते आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. होळी झाली, पारा चाळिशीकडे सरकला की पुन्हा तेच. म्हणजे पावसाळ्यात केलेल्या दुरुस्तीचा निकाल पावसाळ्यात लागत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी दोन वाजता, टाकीत पाव टाकीपेक्षा कमी पेट्रोल असताना, तासभर चालवून, पंधरा मिनिटं उन्हात उभी करून सुरू झाली तरच दुरुस्ती झाली म्हणा. त्याआधी कुणाचंही ‘ओके आहे, घेऊन जा’ मनावर घेऊ नका.

दुसरं कारण असं की इंजिन नवं असतं, पण त्याला पोसणारी गाडी जुनीच राहते. इंजिन बदलणारा माणूस माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट यांवर जीव ओततो. पेट्रोलची लाइन, अर्थिंग आणि पाण्याच्या नळ्या शेवटच्या दिवशी, गिऱ्हाईक दारात उभं असताना जोडल्या जातात. दोष नव्वद टक्के वेळा तिथंच असतो आणि आपण मात्र इंजिनावरचे सेन्सर, कॉइल, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक) बदलत बसतो.

बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

पुरावा अर्ध्या तासात नाहीसा होणार आहे. गार झाल्यावर गॅरेजमध्ये सगळं बरोबरच दिसतं. म्हणून ती पाच मिनिटं वाया घालवू नका. सेल्फवर सेल्फ मारू नका, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाटलीभर पाणी सगळ्या इंजिनावर ओतू नका. जुने ड्रायव्हर कार्बोरेटरच्या जमान्यात मेकॅनिकल पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते बरोबरच होतं; पंप इंजिनालाच चिकटलेला असायचा, तापून आत वाफ धरायचा. तेच फडकं आजही कामाचं आहे, फक्त ते एका वेळी एकाच जागी ठेवायचं. सगळीकडे पाणी मारलं तर गाडी सुरू होते आणि कशामुळे सुरू झाली ते कळत नाही.

आधी चावी ‘ऑन’ करून कान द्या. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो. नेहमीचा गुंजणारा आवाज आला तर वीज पंपापर्यंत पोचतेय. आवाज चढा, कर्कश, कोरडा आला तर पंपाच्या तोंडात पेट्रोल नसून वाफ आहे. आवाजच नसेल तर रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), फ्यूज किंवा वायरिंग.

मग टाकीचं झाकण हळूहळू ढिलं करा. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू, आणि आसपासच्या बिडीवाल्याला आधी दहा पावलं लांब पाठवून. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीला श्वास घ्यायला वाट नाही. पेट्रोल कमी होत गेलं, जागा भरायला हवा आली नाही, आणि पंप त्या ओढीशी झगडत बसला. जुनं झाकण हरवल्यावर बाजारातून आणलेलं घट्ट झाकण बसवलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. उपाय म्हणजे छिद्राचं योग्य झाकण किंवा टाकीला स्वतंत्र व्हेंटची नळी. ती उंच नेऊन वळवा आणि तिला गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह लावा. उलट हवा जोरात बाहेर आली तर टाकीतलं पेट्रोल तापलंय. थोडी वाफ उन्हाळ्यात येणारच. टाकीच्या पत्र्यावर हात ठेवून पाहा; तळवा टिकत नसेल तर पुढे लिहिलेलं सगळं तुमच्यासाठीच आहे.

तिसरं, सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा थोडा तरी हलत असेल तर इंजिनाकडून सिग्नल येतोय. काटा शून्यावर मेलेला असेल तर क्रँक किंवा कॅम सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारे) संशय घ्या. काही जुळणीच्या मीटरमध्ये गाडी धड असतानाही सेल्फवर काटा हलत नाही, म्हणून गार गाडीत तो कसा वागतो ते आधीच पाहून ठेवलेलं बरं.

आणि फडकं. पंपाचा आवाज कर्कश असेल तर फडकं पंपावर आणि त्याच्या अलीकडच्या नळीवर. काटा मेलेला असेल तर सेन्सरवर. मिनिट-दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर गुन्हेगार सापडला. प्लग काढून बॉडीला टेकवून स्पार्क बघायची आपल्याकडची जुनी सवय मात्र इथे सोडा. गरम पेट्रोलची वाफ बॉनेटखाली भरलेली असताना ठिणगी पाडण्यात शहाणपणा नाही.

पेट्रोल: मुख्य आरोपी

‘भाऊ, गाडीला ऊन बाधायलंय,’ असं आमचे उस्ताद म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, अनेक हलक्या-जड घटकांचं मिश्रण आहे. त्यातले सगळ्यात हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांनाच उकळायला लागतात. दाब वाढवला तर उकळणं पुढे ढकललं जातं, दाब कमी केला तर आणखी लवकर उकळतं. आता तुमच्या लाइनकडे बघा. पंपाच्या पुढे, इंजेक्टरच्या बाजूला, अडीच ते तीन बार दाब असतो; तिथं पंप चालू असेपर्यंत वाफ धरणं अवघड. पण पंपाच्या मागे, टाकीकडून येणाऱ्या नळीत, पंप ओढत असतो, म्हणजे दाब उलट हवेपेक्षाही कमी. बाहेर ४२ अंश, खाली तापलेला डांबरी रस्ता, शेजारी सायलेन्सर, आणि नळीत ओढ. पेट्रोल तिथंच उकळतं. इंजेक्शनचा बाहेरून लावलेला पंप ढकलण्यात पैलवान असतो, ओढण्यात अगदी कच्चा. त्याच्या तोंडात वाफ गेली की दाब पडतो आणि इंजिन उपाशी मरतं.

कार्बोरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरायचा आणि वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असायचं. थोडी वाफ आली तरी गाडी खोकत का होईना, चालायची. इंजेक्शन इंजिन तेवढं सोशीक नाही.

टाकी कमी असतानाच ही तक्रार का जास्त येते, तेही यातच आहे. ८० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं तरी तासाला पंचवीस लिटरच्या आसपास पेट्रोल खातं, आणि रांगताना तर दोन-तीन लिटरही नाही. पंप मात्र तासाला ऐंशी-शंभर लिटर फिरवत असतो. उरलेलं सगळं तापलेल्या इंजिनावरच्या रेलमधून (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) उष्णता घेऊन रिटर्नच्या नळीने परत टाकीत येतं. टाकी भरलेली असेल तर ती उष्णता चाळीस लिटरमध्ये विरते. तळाला पाच लिटर उरलं असेल तर तेच पाच लिटर तासात कित्येकदा फिरून फिरून तापतं. त्यात जीपची टाकी पुढच्या सीटखाली, म्हणजे एका अंगाला तापलेला फ्लोअर आणि दुसऱ्या अंगाला फॅब्रिकेशनवाल्याला जिथं जागा मिळाली तिथून नेलेला सायलेन्सरचा पाइप.

रस्त्यावरचा तात्पुरता इलाज: सेल्फ न मारता चावी ऑन करा, पंप थांबला की ऑफ करा, असं चार-पाच वेळा. पंप दरवेळी थोडं पेट्रोल पुढे ढकलतो आणि रेलमधली वाफ रिटर्नने टाकीत जाते. मग ॲक्सिलरेटर किंचित दाबून एकच सेल्फ मारा. उन्हाळ्यात अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. एवढ्यावर बरेच जण वर्षानुवर्षं निभावतात, पण हा इलाज नव्हे.

खरा इलाज म्हणजे पंपाला ओढायला लावूच नका. सगळ्यात चांगलं, पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला. आजच्या छोट्या गाड्यांचं पंप मॉड्यूल मिळतं. त्याची उंची आणि तुमच्या टाकीची खोली आधी मोजा, कारण सीटखालची टाकी बसकी असते. टाकी नवी बनवून घेणार असाल तर आत आडव्या पट्ट्या घालायला सांगा, नाहीतर वळणावर पेट्रोल एका कोपऱ्यात जाऊन पंप उघडा पडतो. आणि एक गोष्ट टाकी बनवणाऱ्याला सांगायला विसरू नका: आत बुडणारा रबरी नळीचा तुकडा हा बुडवायच्याच प्रकारचा, एसएई जे३० आर१० लिहिलेला हवा. बाहेरची इंजेक्शनची नळी, आर९ प्रकारची, बाहेर टिकते पण चोवीस तास पेट्रोलात बुडवून ठेवली तर फुगते आणि सुटते.

जुनी टाकी मोडायची नसेल (मूळ टाकीवर जीव असणारी माणसं असतात, त्यांचं मला कळतं) तर मध्ये लिटरभराची छोटी टाकी घाला. गॅरेजमध्ये तिला स्वर्ल पॉट म्हणतात. कमी दाबाचा एक पंप मोठ्या टाकीतून ती सतत भरत राहतो आणि तिच्या तळातून मुख्य पंप पेट्रोल घेतो. रिटर्न स्वर्ल पॉटमध्ये सोडला तरी चालतो, पण मग पॉटच्या अगदी वरच्या टोकाला मोठ्या टाकीकडे परत जाणारी नळी पाहिजेच पाहिजे. ती नसली तर एक लिटर पेट्रोल गोल गोल फिरून उकळतं, वरती वाफ कोंडते आणि दोन पंप लावूनही गाडी आधीपेक्षा लवकर बंद पडते. ही अर्धवट जुळणी मी इतक्या गाड्यांत पाहिली आहे की स्वर्ल पॉट लावलाय असं कुणी म्हटलं की मी आधी ती वरची नळी शोधतो.

दोन्ही जमत नसेल तर निदान एवढं करा. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली आणि टाकीच्या जितका जवळ येईल तितका जवळ आणा. पंपाच्या आधीची नळी किमान ८ मिलिमीटरची ठेवा, कार्बोरेटरच्या काळातली बारीक नळी नको. पंपाच्या आधी फक्त जाड जाळी आणि बारीक फिल्टर पंपाच्या नंतर. उलटं लावलेलं दिसतं, त्यात जुन्या टाकीचा गंज फिल्टरमध्ये बसतो आणि पंपाचा गळा आवळतो. सायलेन्सर आणि टाकी-पंप यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, पण दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी हवा सोडून. सायलेन्सरला चिकटवलेला पत्रा उष्णता अडवत नाही, साठवतो.

सध्या पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल लोक फार तावातावाने बोलतात. आपल्यापुरतं कामाचं एवढंच. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटलेला मळ सोडवतं, म्हणून सुरुवातीच्या काही टाक्यांत फिल्टर लवकर भरतो. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका. जुन्या काळचं रबर त्याला टिकत नाही. नळी हाताने दाबून बघा, मऊ पडली असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर आजच बदला. गाडी उघडी असल्यामुळे गळतीचा वास वाऱ्यावर उडून जातो आणि सीटखाली पेट्रोल ठिबकतंय हे बंद गाडीतल्यासारखं लवकर कळत नाही. नळीच्या क्लिपाही इंजेक्शनच्या, गुळगुळीत कडांच्या लावा. साध्या क्लिपेच्या खाचा नळी कापतात.

दाब मोजल्याशिवाय पंप बदलू नका. रेलच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून दाबाचा गेज लावणं घरी, गार इंजिनावर, पंपाचा फ्यूज काढून लाइनमधला दाब उतरवल्यावर करा. रस्त्यावर गरम गाडीत नळी सोडायची नाही. गेज एकदा नीट बसवला की तो तसाच ठेवून दुपारी गाडी पळवा. बंद पडेल तेव्हा काटा काय सांगतो ते बघा. काटा तीनवर ठाम असताना गाडी बंद पडली तर पेट्रोलवरचा आरोप मागे घ्या आणि पुढे चला.

वीज: खोटे आरोप इथून निघतात

पेट्रोलनंतर अर्थिंग. जुन्या जीपमध्ये बॅटरीची निगेटिव्ह चेसिसला, इंजिन रबराच्या माउंटिंगवर, बॉडी रंगाच्या तीन थरांवर. डायनामो आणि चार बल्बांना ते चालायचं. ईसीएमला चालत नाही. मल्टिमीटर व्होल्टवर लावा, एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर खरवडून. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. तसंच बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि पंपाचं पॉझिटिव्ह यांच्यात पंप चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. ही तपासणी गरम गाडीत करा. तांब्याच्या तारेचा आणि सैल जोडाचा अवरोध तापल्यावर वाढतो, गरम स्टार्टरही जास्त करंट ओढतो. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली तर काही ईसीएम स्वतःच बंद होऊन परत जागे होतात आणि तुम्हाला वाटतं सेन्सर गेला.

एक साखळी खास आपल्या उन्हाळ्यातली आहे, ती नीट वाचा. गाडी रांगतेय, आरपीएम कमी, म्हणून अल्टरनेटर थोडंच देतोय. पाणी तापलं, रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन लागला आणि त्याने दहा-पंधरा अँपिअर ओढले. व्होल्टेज बाराच्या खाली घसरलं. पंप मंदावला, दाब पडला, गाडीने झटके दिले. लोक म्हणतात, गाडी तापली की बंद पडते. खरं तर गाडी तापल्यावर फॅन लागतो आणि फॅन लागल्यावर बंद पडते. फॅनला स्वतंत्र रिले आणि बॅटरीवरून थेट जाड वायर दिली, पंपाला वेगळा रिले दिला, ब्लॉकपासून बॅटरीपर्यंत जाड केबल टाकली की ही तक्रार एका संध्याकाळीत जाते. खर्चही चार पैशांचा. जुन्या इग्निशन स्विचमधून पंपाचा सगळा करंट नेलेला असेल तर स्विचला हात लावून बघा, तापलेला असतो.

पंपाचा रिले ईसीएमनेच चालवला पाहिजे, म्हणजे इंजिन बंद तर पंप बंद. ‘डायरेक्ट करून टाकतो, कटकट नको’ असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. अपघातात नळी तुटली आणि पंप चालूच राहिला तर तो तीन बारने पेट्रोल तुमच्याच सीटखाली ओततो. धक्का बसल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विचही मिळतो; लावाच.

सेन्सरचं थोडक्यात. क्रँक-कॅम सेन्सरच्या आतली बारीक तार तापून तुटक होते आणि गार झाली की जुळते. आरपीएमचा काटा मेलेला, पंपाचा आवाज चांगला आणि फडक्याने गाडी सुरू झाली, एवढं तिन्ही जमलं तरच बदला, आणि भंगारातून काढलेला सेन्सर बसवू नका. ईसीएम उघड्या गाडीत डॅशखाली लटकवलेला असतो. त्याचा कनेक्टर खाली तोंड करून ठेवा, म्हणजे हूड गळला तरी पाणी आत ओघळणार नाही. शेतातली जीप असेल तर उंदीर बघा. वायरीवरची टेप त्यांना फार आवडते.

पाणी: काटा खोटं बोलू शकतो

काटा जागेवर आहे म्हणून इंजिन थंड आहे असं नाही. जुन्या मीटरचा सेंडर (तापमान काट्याला कळवणारा भाग) रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असेल तर ब्लॉकमधलं पाणी उकळत असताना तो निवांत असतो. सेंडर इंजिनाच्या थर्मोस्टॅटच्या (पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) घरात हवा.

मूळच्या २१९९ सीसीसाठीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर १२९८ सीसीला पुरायला हरकत नाही, जर तो आतून मोकळा असेल तर. आपल्याकडे तो मोकळा नसतो. पिढ्यान् पिढ्या बोअरचं पाणी ओतलेलं असतं, आणि मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याने घरच्या गिझरची काय गत होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. नळ्यांच्या आत तोच पांढरा थर बसतो. रेडिएटरवाल्याकडून टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, नुसतं पावडर घालून धुणं पुरत नाही. नंतर फक्त डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. रस्त्यात वेळ आलीच तर हॉटेलातलं आरओचं पाणी चालेल, हापशाचं नको.

बाहेरून बघायचं ते दिवाळीनंतर. जिनिंगच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरवर कापसाचे तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. समोरून तो दिसतोही, पण दोन थरांच्या मधला दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाने पाणी मारा. सर्व्हिस स्टेशनच्या पाइपाने समोरून मारलं तर पट्ट्या झोपतात.

इंजिन बदलताना हीटरच्या दोन नळ्यांची तोंडं बुजवून टाकलेली असतात, कारण उघड्या जीपला हीटर कशाला. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला पाण्याचं तापमान कळतं ते याच वाटेने. बुजवण्याऐवजी दोन्ही तोंडं एका नळीने एकमेकांना जोडा. थर्मोस्टॅट काढून फेकू नका. तो काढल्यावर इंजिन नीट तापत नाही, आणि ईसीएम इंजिन गारच आहे समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. पाणी भरताना हवा अडकू नये म्हणून गाडी चढावर, तोंड वर करून उभी करा. कॅपही तपासा. जुन्या गाड्यांच्या कॅपा ४ किंवा ७ पाउंडांच्या, नव्या इंजिनांना साधारण १३ पाउंड लागतात. दर पाउंडामागे पाण्याचा उकळणबिंदू दीड अंशाच्या आसपास वर जातो, म्हणजे फरक मोठा आहे, पण डाग दिलेल्या म्हाताऱ्या रेडिएटरवर एकदम १३ची कॅप लावली तर जोड सुटतात. आधी रेडिएटरवाल्याकडून हवेच्या दाबाने तपासून घ्या.

बॉनेटखालची गरम हवा बाहेर पडायला वाट आहे का, तेही पाहा. इंजिन लहान झालं तरी फॅनभोवतीचा पत्रा काढून टाकलेला असला तर फॅन तीच हवा गोल फिरवतो. आणि फॅनची दिशा! वायरी उलट्या लागलेला फॅन चालत्या गाडीच्या वाऱ्याशी भांडत असतो. कागदाचा कपटा रेडिएटरसमोर धरा, चिकटला तर बरोबर.

कागदपत्रांचं

इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर करून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. इंजिन नंबर जुळला नाही तर विम्याचा दावा अडकतो, आणि पेट्रोलच्या तक्रारी असलेल्या गाडीला विमा कधी लागेल सांगता येत नाही. व्हिंटेज नंबरप्लेटची आशा ठेवू नका. जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे ती ५० वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. इंजिन बदललेली गाडी त्यात बसत नाही. आणि चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक असतील तर नव्या इंजिनाचा वेग समृद्धीवर अजमावायला जाऊ नका, त्याची गरजही नाही.

हे सगळं करूनही बंद पडलीच, तर मिस्त्रीकडे जाताना किंवा कुणाला विचारताना एवढं लिहून न्या: बाहेर साधारण किती ऊन होतं, टाकीत किती पेट्रोल होतं, चालताना बंद पडली की थांबून परत सुरू करताना, पंपाचा आवाज कसा होता, झाकण उघडल्यावर हवा आत गेली की बाहेर आली, सेल्फवर आरपीएमचा काटा हलला का, फॅन चालू होता का, दाबाचं आणि बॅटरीचं रीडिंग काय होतं, आणि फडकं कुठं ठेवल्यावर सुरू झाली. पंप टाकीत आहे की बाहेर, आणि रिटर्न कुठे जातो, याचं पेन्सिलने काढलेलं चित्रही सोबत ठेवा. एवढं हातात असलं तर समोरच्याला अंदाजाने पार्ट बदलायची गरज पडत नाही.